धर्मस्वातंत्र्य, पण कोणाचं? अमेरिकेतल्या पहिल्या इंग्रज वसाहती मुलांना समजावताना

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २०२६ मध्ये २५० वर्षं होत असल्यामुळे तिथला जुना इतिहास पुन्हा चर्चेत आलाय. त्या चर्चेत एक वाक्य हमखास येतं: ‘इंग्लंडमध्ये धर्मापायी छळ झालेली माणसं स्वातंत्र्याच्या शोधात अमेरिकेत आली.’ न्यू जर्सी किंवा टेक्सासमधल्या मराठी घरांत नोव्हेंबर उजाडला, थँक्सगिव्हिंगचा सण जवळ आला की मुलं शाळेतून हेच ऐकून येतात आणि आईबाबांना प्रश्न विचारतात. आपल्याकडे जगाचा इतिहास शिकवणारे शिक्षकही बहुतेक वेळा याच वाक्यावर थांबून पुढच्या धड्याकडे वळतात.

वाक्य खोटं नाही. पण ते ऐकून मुलांच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभं राहतं, ते फार अपुरं असतं. सगळ्यांना आपापल्या पद्धतीने देव भजू देणारा समाज उभारायला ही माणसं निघाली होती, असं मुलं समजून बसतात. पुढे त्याच माणसांनी दुसऱ्यांना फासावर दिल्याचं वाचलं की गोंधळतात. म्हणून मला वाटतं, हा विषय एका प्रश्नापासूनच सुरू करावा: स्वातंत्र्य कोणासाठी, आणि नेमकं काय करण्यासाठी?

आधी इंग्लंडमध्ये काय चाललं होतं?

१५३४ मध्ये आठव्या हेन्रीने पोपशी नातं तोडलं आणि राजा हाच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला. त्याचा मुलगा एडवर्ड प्रॉटेस्टंट, म्हणजे पोपची सत्ता न मानणारा. नंतर आलेली मुलगी मेरी कॅथलिक, म्हणजे पोपला मानणारी. तिच्या पाच वर्षांत सुमारे तीनशे प्रॉटेस्टंटांना जाळण्यात आलं. १५५८ मध्ये एलिझाबेथ गादीवर बसली आणि देश पुन्हा प्रॉटेस्टंट झाला. एका माणसाच्या हयातीत देशाचा अधिकृत धर्म इतक्या वेळा पालटला.

एलिझाबेथच्या १५५९ च्या कायद्याने दर रविवारी सरकारमान्य चर्चला जाणं सक्तीचं केलं. गैरहजर राहिल्यास १२ पेन्स दंड. मुलांना हा मुद्दा नीट समजावून द्यावा लागतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. राजा हाच चर्चचा प्रमुख असल्यामुळे प्रार्थनेला न जाणं ही राजाची अवज्ञा ठरत होती. श्रद्धा आणि राजनिष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हे तेव्हा फारच थोड्यांना पटत होतं.

या व्यवस्थेवर नाराज असलेले लोक तीन तऱ्हेचे होते. पहिले कॅथलिक. परदेशात दीक्षा घेतलेल्या कॅथलिक धर्मगुरूने इंग्लंडमध्ये पाऊल ठेवणं १५८५ पासून राजद्रोह ठरला. अशा इंग्लंडमधून बाहेर पडलेला एक कॅथलिक तरुण आपल्या चांगला परिचयाचा आहे. त्याचं नाव थॉमस स्टीफन्स. रोमला जाऊन तो जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात शिरला, १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१६ मध्ये त्याचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालं. मराठीची थोरवी गाणारे फादर स्टीफन्स आणि चार वर्षांनी अमेरिकेकडे निघालेलं ‘मेफ्लॉवर’ हे गलबत, दोन्हींच्या पाठीमागे इंग्लंडमधला एकच झगडा आहे. मराठी मुलांना हा विषय शिकवायला याहून जवळचं दार मला तरी सापडलेलं नाही.

दुसरे प्युरिटन. इंग्लंडच्या चर्चमध्ये अजून बरंच कॅथलिक वळण उरलंय, ते काढून चर्च शुद्ध करावं, असं त्यांचं म्हणणं. तिसरे सेपरेटिस्ट. त्यांच्या मते हे चर्च सुधारण्यापलीकडे गेलं होतं, म्हणून त्यांनी वेगळी चूल मांडली. या दोघांत मुलांचा फार घोळ होतो. सोसायटीच्या कमिटीवर चिडलेले दोन सभासद डोळ्यांपुढे आणा. एक दर वार्षिक सभेत उभा राहून भांडतो, दुसरा फ्लॅट विकून निघून जातो. पहिला प्युरिटन, दुसरा सेपरेटिस्ट. राजाच्या दृष्टीने दुसरा जास्त धोकादायक होता, कारण वेगळं चर्च काढणं म्हणजे राजाचं प्रमुखपदच नाकारणं.

‘मेफ्लॉवर’च्या लोकांना स्वातंत्र्य आधीच मिळालं होतं

नॉटिंगहॅमशायरमधल्या स्क्रूबी गावातली सेपरेटिस्ट मंडळी १६०८ च्या सुमारास हॉलंडला गेली आणि १६०९ मध्ये लायडन शहरात स्थिरावली. तिथे त्यांना प्रार्थनेची मोकळीक होती. चर्चला आला नाहीत म्हणून दंड करणारं कोणी नव्हतं. जवळजवळ अकरा वर्षं ते तिथे राहिले.

मग निघाले का? त्यांचे पुढारी विल्यम ब्रॅडफर्ड यांनी कारणं लिहून ठेवली आहेत. शेतीवर वाढलेल्या माणसांना शहरात कापडउद्योगातली कष्टाची कामं करावी लागत होती. मुलं लहान वयात कामाला जुंपली जात होती आणि आजूबाजूच्या पोरांच्या वळणावर जाऊ लागली होती. हॉलंड आणि स्पेनमधला बारा वर्षांचा तह १६२१ मध्ये संपणार होता, म्हणजे पुन्हा युद्धाची भीती. शिवाय दूरदेशी धर्मप्रसार करण्याची आसही होती.

परदेशात वाढणारी आपली मुलं आपली राहतील ना, ही काळजी अमेरिकेतल्या मराठी आईबापांना वेगळी समजावून सांगायला नको. वर्गात हे कारण सांगितलं की ही चारशे वर्षांपूर्वीची माणसं मुलांना एकदम हाडामांसाची वाटू लागतात, असा माझा विश्वास आहे. आणि ‘फक्त धर्मासाठी’ हे उत्तर पुरेसं नाही, हेही त्यांच्या आपोआप लक्षात येतं.

सप्टेंबर १६२० मध्ये निघालेल्या ‘मेफ्लॉवर’वर १०२ प्रवासी होते. त्यातले लायडनचे सेपरेटिस्ट जेमतेम निम्मे. बाकीचे कामाच्या, जमिनीच्या, नशिबाच्या शोधात निघालेले. खर्च लंडनच्या व्यापाऱ्यांनी भागीदारीत उचलला होता आणि तो फेडायचा होता. किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी ४१ पुरुषांनी एका करारावर सह्या केल्या, तो ‘मेफ्लॉवर करार’. वेगवेगळ्या हेतूंनी आलेल्या माणसांना एका शिस्तीत बांधण्याची ती सोय होती. पहिल्या हिवाळ्यात त्यांच्यातले जवळपास निम्मे लोक मरण पावले.

‘व्हर्जिनिया पैशासाठी, मॅसॅच्युसेट्स देवासाठी’ हे खरं का?

परीक्षेसाठी सोपं म्हणून हे सूत्र खूप शिकवलं जातं. मला ते सोडून द्यावंसं वाटतं.

व्हर्जिनियातलं जेम्सटाउन १६०७ मध्ये वसलं, म्हणजे ‘मेफ्लॉवर’च्या तेरा वर्षं आधी. ते एका व्यापारी कंपनीने वसवलं, तिला नफा हवा होता, हे खरंच. पण १६१०-११ मध्ये तिथे जे कायदे लागू झाले ते बघा. रोजच्या प्रार्थनेला पहिल्यांदा दांडी मारली तर त्या दिवसाचा शिधा बंद, दुसऱ्यांदा चाबकाचे फटके, तिसऱ्यांदा सहा महिने सक्तमजुरी. रविवारच्या प्रार्थनेला तिसऱ्यांदा दांडी मारणाऱ्याला कायद्यात देहदंड लिहिला होता. म्हणजे ‘पैशासाठी’ वसलेल्या वसाहतीत धर्माची सक्ती होती, आणि ‘देवासाठी’ निघालेलं ‘मेफ्लॉवर’ व्यापाऱ्यांच्या पैशावर चाललं होतं. त्या काळात धर्म, व्यापार आणि राज्य यांना एकमेकांपासून वेगळं करताच येत नव्हतं. तीच गुंतागुंत मुलांपुढे ठेवावी.

प्युरिटनांना हवं होतं ते स्वातंत्र्य

१६३० मध्ये जॉन विन्थ्रॉप यांच्या नेतृत्वाखाली प्युरिटनांचा मोठा जथा मॅसॅच्युसेट्सला पोचला. पुढच्या दहा वर्षांत तिथे सुमारे वीस हजार इंग्रज आले. देवाशी केलेल्या कराराने बांधलेला, जगाने आदर्श घ्यावा असा समाज उभारायचा, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. १६३१ मध्ये त्यांनी ठरवलं की मतदानाचा हक्क फक्त चर्चच्या सभासद पुरुषांना. धर्मगुरूने सरकारी पद घ्यायचं नाही, हा नियम मात्र त्यांनी पाळला, आणि इंग्लंडच्या तुलनेत ते पुढचं पाऊल होतं. प्रत्येकाला बायबल वाचता यावं म्हणून १६४७ मध्ये कायदा केला: ५० घरांच्या गावाने शिक्षक नेमलाच पाहिजे. अमेरिकेतल्या सार्वजनिक शिक्षणाची ही एक सुरुवात, आणि तिचं श्रेय प्युरिटनांना द्यायलाच हवं.

पण त्यांना हवं होतं ते स्वातंत्र्य म्हणजे देवाच्या आज्ञेनुसार, त्यांच्या समजुतीनुसार, जगण्याचं स्वातंत्र्य. त्यात चुकीच्या पंथाला जागा नव्हती. १६५९ ते १६८१ या काळात तिथे नाताळ साजरा केला तर पाच शिलिंग दंड होता, कारण बायबलमध्ये त्या सणाला आधार नाही असं ते मानत. १६३७ मध्ये घरी बायकापुरुष जमवून धर्मगुरूंच्या प्रवचनांवर बोलणाऱ्या अ‍ॅन हचिन्सन यांच्यावर खटला चालला आणि त्यांना हद्दपार केलं गेलं. प्रत्येकाच्या अंतरात देवाचा प्रकाश आहे असं मानणाऱ्या क्वेकर पंथीयांवर तर बंदीच होती. १६५९ ते १६६१ मध्ये बॉस्टनला चार क्वेकरांना फाशी दिलं. त्यातल्या मेरी डायर यांना पहिल्यांदा फाशीच्या दोराखालून परत पाठवलं होतं. त्या पुन्हा आल्या, आणि १६६० मध्ये त्यांना फाशी झाली.

मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चसाठी कर घेणं थेट १८३३ मध्ये थांबलं. १८१३ साली मुंबईत उतरलेले अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या भागातल्या याच चर्चपरंपरेतून आले होते. अहमदनगरच्या शाळा आणि १८४२ मध्ये सुरू झालेलं ‘ज्ञानोदय’ नियतकालिक ही त्या मिशनची कामं. तेव्हा हा इतिहास आपल्यापासून वाटतो तेवढा दूर नाही.

मग सर्वांना मोकळीक आली कुठून?

हाकललेल्या माणसांकडून.

रॉजर विल्यम्स हे स्वतः कडवे प्युरिटन धर्मगुरू. चर्चला न जाणाऱ्याला शिक्षा करण्याचा अधिकार सरकारला नाही, आणि मूळ रहिवाशांकडून विकत न घेता राजाच्या सनदेवर जमीन घेणं चूक आहे, असं ते उघड म्हणू लागले. १६३५ मध्ये त्यांना हद्दपारीची शिक्षा झाली. ऐन हिवाळ्यात, जानेवारी १६३६ मध्ये ते निघून गेले आणि नॅरागॅन्सेट या मूळ रहिवाशांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी प्रॉव्हिडन्स वसवलं. तीच ऱ्होड आयलंड वसाहतीची सुरुवात.

विल्यम्स यांचा युक्तिवाद मुलांना आवर्जून सांगावा, कारण तो आजच्या अपेक्षेपेक्षा वेगळा आहे. सगळे धर्म सारखेच, असं ते म्हणत नव्हते. इतर पंथ चुकीचे आहेत अशी त्यांची खात्री होती. पण बळजबरीने करवलेली प्रार्थना देवाला मान्य नाही आणि सरकारचा हात लागला की चर्चच बिघडतं, म्हणून सक्ती नको, असं त्यांचं म्हणणं. १६५५ मध्ये प्रॉव्हिडन्सच्या लोकांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी जहाजाचं उदाहरण दिलंय. जहाजावर कॅथलिक, प्रॉटेस्टंट, ज्यू, मुसलमान सगळे आहेत. कोणालाही जहाजावरच्या प्रार्थनेला यायची सक्ती नाही, स्वतःची प्रार्थना करायला बंदी नाही. पण जहाज कसं हाकायचं, हे कप्तान ठरवणार, भाडं सगळ्यांनी द्यायचं आणि जहाजाच्या रक्षणाला सगळ्यांनी मदत करायची. दहावीच्या वर्गात या एका परिच्छेदावर अख्खा तास रंगू शकतो.

मेरीलँडची गोष्ट निराळी. ती वसाहत बाल्टिमोर या कॅथलिक लॉर्डची, पण तिथेही कॅथलिक संख्येने कमी. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघांना एकत्र नांदायचं तर कायदा हवा, म्हणून १६४९ मध्ये सहिष्णुतेचा कायदा झाला. त्यात दुसऱ्याला ‘पाखंडी’, ‘प्युरिटन’, ‘पोपवाला’ असं हिणवून म्हटलं तर दहा शिलिंग दंड होता. मात्र हा कायदा ख्रिस्ती लोकांपुरताच. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे त्रैक्य नाकारणाऱ्याला त्यात देहदंड होता.

आणि राजा? दुसऱ्या चार्ल्सने १६६१ मध्ये मॅसॅच्युसेट्सला क्वेकरांच्या फाशी थांबवायला सांगितलं. १६६३ मध्ये ऱ्होड आयलंडला सनद दिली, तीत धर्माबाबतच्या मतांमुळे कोणालाही त्रास दिला जाणार नाही असं लिहून दिलं. याच राजाला १६६१ च्या विवाह-तहात पोर्तुगालकडून मुंबई मिळाली, आणि इथल्या कॅथलिकांचा धर्म अबाधित राहील अशी हमी त्या तहात होती. १६६८ मध्ये त्याने वर्षाला दहा पौंड भाड्याने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली. त्याच काळात खुद्द इंग्लंडमध्ये सरकारमान्य चर्चबाहेर प्रार्थनेला जमणाऱ्यांना तुरुंगात टाकणारा कायदा, १६६४ चा, लागू होता. घरी सक्ती आणि समुद्रापार मोकळीक. दूरच्या प्रदेशात माणसं टिकवायची, व्यापार वाढवायचा, तर धर्माची सक्ती परवडत नाही, हे राज्यकर्त्यांना कळलं होतं. सहिष्णुतेमागे विल्यम्ससारख्यांची तळमळ होती, तसा हा हिशेबही होता.

ज्यांची भूमी होती, त्यांचं काय?

‘मेफ्लॉवर’च्या लोकांची प्लिमथ वसाहत जिथे उभी राहिली, तिथे आधी वाम्पानोग या मूळ रहिवाशांचं पटक्सेट गाव होतं. १६१६ ते १६१९ दरम्यान युरोपीय लोकांबरोबर आलेल्या साथीत ते ओस पडलं. त्या गावच्या टिस्क्वांटमला १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं होतं. तिथून इंग्लंडमार्गे तो १६१९ मध्ये परतला, तर गावात कोणी उरलं नव्हतं. त्यानेच पुढे या वसाहतकऱ्यांना मका लावायला शिकवलं. १६२१ च्या ज्या मेजवानीवरून थँक्सगिव्हिंगची गोष्ट सांगतात, तिचं वर्णन वसाहतीतल्याच एडवर्ड विन्स्लो यांच्या पत्रात मोजक्या ओळींचं आहे: वाम्पानोगांचा राजा मॅसासॉइट सुमारे ९० माणसं घेऊन आला, तीन दिवस पाहुणचार चालला, पाहुण्यांनी पाच हरणं मारून आणली. मुलांना त्या मूळ ओळीच वाचायला द्याव्यात.

पुढे जॉन एलियट या धर्मगुरूने मूळ रहिवाशांच्या भाषेत बायबल आणलं. १६६३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावी छापलेलं हे उत्तर अमेरिकेतलं पहिलं बायबल. पण १६७५ मध्ये वसाहतकरी आणि मूळ रहिवासी यांच्यात युद्ध पेटलं तेव्हा ख्रिस्ती झालेल्या याच लोकांना बॉस्टनजवळच्या डिअर बेटावर नेऊन कोंडलं गेलं आणि त्यातले बरेच तिथे दगावले. धर्म एक झाला तरी संशय गेला नाही.

व्हर्जिनियातला १६६७ चा कायदा याहून कठोर आहे. त्याआधी, १६५६ मध्ये एलिझाबेथ की या स्त्रीने न्यायालयात आपली गुलामगिरीतून सुटका करून घेतली होती. वडील इंग्रज आणि स्वतः बाप्तिस्मा घेतलेली ख्रिस्ती, हे तिचे आधार होते. दोन्ही वाटा मग कायद्याने बुजवल्या. १६६२ मध्ये ठरलं की मूल आईच्या दर्जाचं. १६६७ मध्ये ठरलं की बाप्तिस्मा घेतला तरी गुलाम गुलामच. आणि कारण काय दिलं? मालकांच्या मनातली शंका गेली की ते अधिक निर्धास्तपणे ख्रिस्ती धर्माचा प्रसार करतील. ‘स्वातंत्र्य कोणासाठी’ या प्रश्नाचं इतकं उघड उत्तर दुसऱ्या कुठल्याच कागदात मला दिसलेलं नाही.

‘आजच्या फूटपट्टीने त्यांना का मोजायचं?’

हा आक्षेप रास्त आहे. पण आजची फूटपट्टी लागतच नाही. विल्यम्स, हचिन्सन, डायर ही सगळी त्याच काळातली, त्याच बायबलवर वाढलेली माणसं. आणि एलिझाबेथ की? तिचा दावा व्हर्जिनियाच्याच न्यायालयाने मान्य केला होता. त्या काळातच या प्रश्नांवर वाद पेटले होते आणि लोक वेगवेगळ्या बाजूंना उभे होते. मुलांना दोन्ही बाजू त्यांच्याच शब्दांत वाचू द्या. विन्थ्रॉप यांना खलनायक करण्याचीही गरज नाही. चुकीच्या शिकवणुकीने माणसाचा आत्मा कायमचा नष्ट होतो, असं मनापासून मानणाऱ्याला सहिष्णुता निष्काळजीपणा का वाटत असेल, हे समजून घेणं हाच इतिहासाचा अभ्यास.

‘शाळेत धर्म हवाच कशाला?’

धर्माची दीक्षा देणं आणि धर्माविषयी शिकवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये सरकारी शाळांतलं भक्तिभावाने केलेलं बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं, पण धर्माचा तटस्थ अभ्यास शिक्षणाचा भाग असू शकतो असंही त्याच निकालात सांगितलं. आपल्याकडे घटनेच्या २८ व्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. धर्मांविषयीच्या अभ्यासाला मात्र त्या कलमाची आडकाठी नाही, असा निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात दिला. धर्म वगळून सतरावं शतक शिकवू गेलं तर मेरी डायर परत का आल्या, याचं उत्तरच देता येणार नाही.

‘लहान मुलांना हे झेपेल का?’

सगळं एकाच वर्षी सांगायचं नाही. चौथी-पाचवीच्या मुलांना नाताळावरचा दंड, मेरीलँडमधला नावं ठेवण्याचा दंड आणि टिस्क्वांटमची गोष्ट पुरते, आणि ती त्यांना आवडतेही. सातवी-आठवीत लायडन का सोडलं याची कारणं फळ्यावर लिहून त्यात धर्माची किती, पोटाची किती आणि मुलांच्या काळजीची किती, हे मुलांनाच निवडायला लावावं. एकाच कारणात दोन गोष्टी मिसळलेल्या दिसल्या की त्यांच्यात वाद होतील. ते होऊ द्यावेत. नववी-दहावीत १६४९ चा मेरीलँडचा कायदा, १६६३ ची ऱ्होड आयलंडची सनद आणि १६६७ चा व्हर्जिनियाचा कायदा शेजारी शेजारी ठेवावेत. तिन्हींतले महत्त्वाचे उतारे छोटे आहेत, मराठीत सांगता येतात. प्रत्येकासमोर मुलांनी दोनच रकाने भरायचे: यातून कोणाला काय करायला मिळालं, आणि कोण बाहेर राहिलं.